आवाज खोक्यात असतो (आणि आणखी कुठे कुठे)

"हल्ली याचा आवाज दबलाय रे. शब्द कळत नाहीत," बाबा म्हणाले आणि माझ्यातला इंजिनीअर जागा झाला.

बाबांचे स्पीकर १९९२ सालचे. म्हणजे वयाने माझ्याहून मोठे. लग्नाआधी, बोनसच्या पैशातून घेतलेले, त्यामुळे घरात त्यांचा मान थोरल्या मुलासारखा. लाकडी बंद खोकं, आठ इंची वूफर, वर छोटा ट्वीटर. रविवारी सकाळी त्यावर कुमार किंवा वसंतराव लागणार, हा आमच्या घरचा अलिखित नियम. गेली दोन-तीन वर्षं मात्र बाबा अॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवतात आणि तरी कपाळावर आठ्या. मलाही तबल्यातला डग्गा रिकाम्या डब्यासारखा वाजतोय असं वाटत होतं.

मग मी जे करायचं तेच केलं. तीन वीकेंड वाचन केलं आणि चौथ्याला क्रेडिट कार्ड काढलं. बोटाएवढी जाड तांब्याची वायर, क्रॉसओव्हरसाठी महागडे कपॅसिटर, खोक्याखाली लावायचे टोकदार धातूचे पाय. एकूण खर्च चौदा हजारांच्या घरात (आईला सांगितलेला आकडा चार हजार). सगळं लावलं, गाणं सुरू केलं, आणि काय सांगू! पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं. आई म्हणाली, "मला तर आधीसारखंच वाटतंय." बाबा म्हणाले, "छान आहे. पण शब्द..."

ताई माहेरी आली होती. ती स्वभावाने ऑडिटर आहे आणि पेशानेही. तिने मला स्पीकरकडे पाठ करून बसवलं, चादर टांगली आणि कधी जुनी वायर तर कधी नवी लावून ओळखायला सांगितलं. वीस वेळा. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. "नाणं उडवलं असतंस तर एवढा खर्च आला नसता," ती म्हणाली.

ऑफिसात प्रत्येक नव्या पोराला आम्ही एकच गोष्ट घोकून घेतो. प्रोग्रॅम हळू चालतोय? आधी मोज, वेळ नक्की कुठे जातोय ते बघ, मग हात घाल. आणि घरी मी नेमकं उलटं करून बसलो होतो. त्या रात्री लाजेपोटी वाचायला घेतलं, की गेल्या शंभर वर्षांत घरच्या स्पीकरचा आवाज खरोखर सुधारला तो कुणी आणि कसा? कारण तो सुधारला आहे, यात वाद नाही.

सुरुवात करू १९२५ पासून. तोवर स्पीकर म्हणजे फोनोग्राफसारखा भोंगा, एका छोट्याशा पडद्यापुढे बसवलेला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या आणि १९२५ साली भोंगा नसलेल्या स्पीकरवर निबंध वाचला. कागदी शंकू, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, ते चुंबकाच्या फटीत. आजही तुमच्या घरातला बहुतेक प्रत्येक स्पीकर हाच आहे.

वेटोळ्याची कल्पना त्यांची नव्हे. जर्मनीत सीमेन्सने १८७४ मध्येच तसलं काहीसं पेटंटमध्ये लिहून ठेवलं होतं, इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्ये. राइस आणि केलॉग यांनी ओळखलं ते गणित. कोणताही शंकू आपल्या स्प्रिंगवर एका ठरावीक वेगाने डुलतो, झोपाळ्यासारखा. ही त्याची स्वतःची कंपनसंख्या संगीताच्याही खाली नेऊन ठेवली, की वरच्या भागात गंमत होते. सूर जसजसा चढतो तसतशी शंकूची हालचाल मंदावते, पण त्याच प्रमाणात त्या हालचालीचा आवाज करण्यात हवा जास्त तरबेज होत जाते. एक घटतं, दुसरं वाढतं, गोळाबेरीज सपाट. खालचा सूर आणि वरचा सूर सारख्याच न्यायाने बाहेर पडतात. शंकूची कड सैल हवी ती म्हणूनच.

दुसरी गोष्ट. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन्ही लाटा कडेवरून वळून एकमेकींना भेटतात आणि शून्य होतात. म्हणून मध्ये फळी हवी, किंवा खोकं. नुसता स्पीकर हातात धरून वाजवून बघा, डास गुणगुणल्यासारखा वाजेल. हाच पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यावर ठेवा, लगेच अंगात येईल. त्यांच्या शोधावर बाजारात आलेल्या रेडिओला १०४ या स्पीकरची किंमत २५० डॉलर होती आणि आतला अॅम्प्लिफायर होता १ वॉटचा.

पण खोक्याने नवी भानगड केली. बंद खोक्यातली हवा ही स्वतःच एक स्प्रिंग. खोकं लहान, तर स्प्रिंग ताठ, शंकूची कंपनसंख्या वर, आणि खर्ज गायब. उपाय सोपा होता: खोकं मोठं करा. दुसरं महायुद्ध संपलं, १९४८ मध्ये कोलंबियाची एलपी आली, आणि हौशी लोकांनी फ्रिजएवढी खोकी घरात आणायला सुरुवात केली. अर्कान्सामधल्या होप गावच्या पॉल क्लिप्श यांनी तर आख्खा भोंगा घडी घालून कोपऱ्यात बसवला, म्हणजे खोलीच्या भिंतीच भोंग्याचा पुढचा भाग. इंग्लंडमध्ये यॉर्कशरचे गिल्बर्ट ब्रिग्ज होते. मूळ धंदा कापडाचा. १९३२ मध्ये त्यांनी व्हार्फडेल ही कंपनी काढली आणि १९४८ मध्ये स्पीकरवर एक साधंसोपं पुस्तक लिहिलं, जे हौशी लोकांचं पाठ्यपुस्तकच झालं. खोकं थरथरलं की आवाज घाण होतो, म्हणून त्यांनी दोन प्लायवुडच्या मध्ये चक्क वाळू भरली. विटांचे कोपरे बांधायलाही सांगितलं. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी लोक जमवले आणि जिवंत वादन आणि स्पीकरचा आवाज शेजारी-शेजारी ऐकवला. विकणारा माणूस 'तुलना करा' म्हणतोय, हे मला फार आवडलं.

आता या गोष्टीतला माझा लाडका माणूस, एडगर व्हिलचर. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉक नावाचं गाव आहे, तिथे राहायचे आणि न्यूयॉर्क विद्यापीठात संध्याकाळी ध्वनीवर एक कोर्स शिकवायचे. त्यांना पडलेला प्रश्न असा: खर्जाच्या सुरांत शंकूला लांब हेलकावे घ्यावे लागतात. त्याला मध्यावर परत आणते ती कापडाची आणि कागदाची कड. पण कापड काही इमानदार स्प्रिंग नव्हे. थोडं ताणलं तर थोडा जोर, दुप्पट ताणलं तर दुप्पट जोर, हा हिशोब ते पाळत नाही. टोकाला गेलं की एकदम अडतं. तिथे सूर वाकडा होतो.

हवा मात्र त्या मानाने फार सरळ. मग ज्या हवेच्या स्प्रिंगला सगळे घाबरून खोकी मोठी करत होते, तिलाच कामाला लावलं तर? शंकूची कड अगदी लुळी करायची, खोकं लहान आणि हवाबंद करायचं, आणि शंकूला सावरायचं काम हवेवर सोपवायचं.

पहिला प्रयोग त्यांनी घरीच केला. बारा इंची स्पीकर घेतला, त्याची कड कापून टाकली आणि गादीच्या जुन्या खोळीच्या कापडाची सैल कड लावली. त्यांच्या पत्नी रोझमेरी युद्धकाळात ड्राफ्ट्समनचं काम करायच्या, त्यामुळे कापडाचा नमुना त्यांनी आखून दिला. खर्ज असा आला की व्हिलचर कंपन्यांकडे कल्पना विकायला गेले. कुणी घेतली नाही.

शेवटी त्यांचा एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, पुढे आला. १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला दोघांनी अकॉस्टिक रिसर्च ही कंपनी सुरू केली. त्यांच्या एआर-१ चं खोकं साधारण ५० लिटरचं, शेल्फवर मावणारं, आणि खर्जात फ्रिजएवढ्या खोक्यांशी बरोबरी करणारं. किंमत १८५ डॉलर. दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या स्पीकरच्या बाजाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका कंपनीकडे होता. पुढे पेटंट कोर्टात टिकलं नाही, कारण तशाच कल्पनेचं हॅरी ऑल्सन यांचं आधीचं पेटंट निघालं. व्हिलचर अपिलात गेले नाहीत. क्लॉस बाहेर पडले आणि १९५७ मध्ये केएलएच काढली. त्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. याच्या नावाने एक लोखंडी नियम सांगितला जातो: खोल खर्ज, लहान खोकं आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी कोणतेही दोन घ्या. आयटीवाल्यांना हे नवीन नाही. लवकर, स्वस्त आणि चांगलं यातलं काय हवं ते क्लायंटला आपण रोज विचारतो.

बंद खोक्याचं हे झालं. भोकवाल्या खोक्याचं काय? शंकूच्या मागची लाट वाया घालवण्यापेक्षा नळीतून वळवून पुढे आणायची, हे पेटंट बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्येच मिळालं होतं. पण भोक केवढं, नळी किती लांब? तीस वर्षं उत्तर एकच: कापा, ऐका, पुन्हा कापा. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी ही कटकट संपवली. ते टीव्ही सेटवर काम करणारे इंजिनीअर, विद्युत फिल्टरमध्ये मुरलेले. त्यांनी दाखवलं की खोक्यातला स्पीकर म्हणजेच एक फिल्टर. फिल्टरची तयार कोष्टकं घ्या, त्यावरून खोकं काढा. निबंध ऑस्ट्रेलियाच्या नियतकालिकात आला, आणि जगाने त्याकडे दहा वर्षं ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठात डॉक्टरेट केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये तो विषय पूर्ण केला. थील-स्मॉलचे आकडे म्हणतात ते हेच.

यामुळे घरच्या हौशी माणसाच्या हातात खरं हत्यार आलं. स्पीकरची कंपनसंख्या मोजायची. मग शंकूवर माहीत असलेलं वजन चिकटवून पुन्हा मोजायची. फरकावरून सगळं निघतं. एक रेझिस्टर, एक मीटर आणि सूर काढणारं यंत्र, बस्स. आज लॅपटॉपवर फुकट होतं.

राहता राहिला कान. ताईने चादर टांगून माझं जे केलं, ते १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस जणांवर केलं. चार स्पीकर, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरांना भरघोस गुण. पडद्याआड फरक आटला, आणि छोट्या स्वस्त संचाचं नशीब उजळलं. आणखी एक गोष्ट: डोळ्यांसमोर असताना स्पीकरची जागा बदलली तरी लोकांचं मत फारसं हललं नाही, पडद्याआड मात्र हललं. म्हणजे दिसलं की आपण ऐकणंच सोडतो. ही माणसं अकरावीतली पोरं नव्हती, एका ऑडिओ कंपनीतलीच होती. मला जरा बरं वाटलं.

तर, दुसऱ्या शनिवारी मी स्पीकर पुन्हा काढले. या वेळी विकत काही न घेता.

बंद खोक्याची एक सोपी परीक्षा आहे. वूफरचा शंकू हलक्या हाताने आत दाबायचा आणि सोडायचा. खोकं हवाबंद असेल तर तो सावकाश बाहेर येतो. माझा टपकन आला. जाळी काढून टॉर्च मारला. कड फोमची होती आणि तीस वर्षांत त्या फोमचा भुगा झाला होता. बोट लावलं तर काळी पूड. हा फोम दहा-पंधरा वर्षांत आपोआप झिजतो, दमट हवेत आणखी लवकर. व्हिलचरच्या स्प्रिंगला माझ्याकडे पंक्चर होतं, आणि मी टायर सोडून हँडलला सोनेरी मुलामा देत होतो.

बुधवार पेठेतून फोमच्या दोन रिंगा आणि डिंक आणला, सगळं मिळून सहाशे रुपये. जुना फोम खरवडायला दोन तास लागले. वेटोळं फटीत बरोबर मध्ये राहावं म्हणून भोवती जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या पट्ट्या खोचल्या, रिंग चिकटवली आणि रात्रभर हात लावला नाही. मागच्या वायरीच्या जोडाशीही हवा गळत होती, तिथे रबरी पट्टी लावली. मग स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले. आमची खोली बारा फूट लांब, म्हणजे तिचा स्वतःचा पहिला सूर ४७ हर्ट्झच्या आसपास. कोपऱ्यात ठेवलं की तोच एक सूर ढोलासारखा घुमतो. पण मागच्या भिंतीपासून एक मीटरवर ठेवलं तर साधारण ८६ हर्ट्झला भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला खाते. शेवटी दीड फुटावर समझोता झाला. हे सगळं मोजून केलं आणि शेवटी ताईच्या चादरीनेही तपासलं. या वेळी वीसपैकी वीस. डग्गा परत आला होता.

बाबा ऐकून खूश झाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "डग्गा काय सुरेख वाजतोय! पण शब्द नाही रे कळत."

मोजायचंच तर सगळंच मोजू, म्हणून मी स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर सोडला आणि प्रत्येकाला सांगितलं, ऐकू यायचं थांबलं की हात वर करा. माझा हात सोळा हजार हर्ट्झला वर झाला, आईचा नऊ हजारांना. बाबांचा साडेतीन हजारांच्या जरा पुढे. मी म्हटलं, चुकून झालं असेल. पुन्हा घेतलं. तेच.

स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ती गेली की स्वर ऐकू येतात, गाणं ऐकू येतं, शब्द मात्र कळत नाहीत. ट्रेबलचं बटण दोन-तीन वर्षं ओरडून हेच सांगत होतं, आणि मी कपॅसिटर बदलत बसलो होतो. मग आठवलं: फोनवर "हां हां" म्हणून विषय बदलणं, लग्नात कोपऱ्यात बसून राहणं, टीव्हीवरून आईशी होणारी रोजची भांडणं. "बाबा हल्ली लक्षच देत नाहीत," असं आम्ही सगळेच म्हणायचो. मीही.

आणि इथे व्हिलचर पुन्हा भेटले. १९६७ मध्ये त्यांनी आपली कंपनी विकली आणि उरलेलं आयुष्य श्रवणयंत्रावर घालवलं. तेव्हाची बरीचशी यंत्रं सगळाच आवाज वाढवायची. पण थकलेल्या कानाचा त्रास विचित्र असतो: हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र इतरांइतकाच मोठा लागतो. (बाबा म्हणतातच, टीव्ही वाढवला की जाहिरात डोक्यात जाते.) व्हिलचर यांनी आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगळे केले आणि प्रत्येकात हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, अशी मांडणी केली. स्वतः ऐकू कमी येणाऱ्यांवर तपासून १९७३ मध्ये ती छापली, आणि पेटंट न घेता सगळ्यांना खुली ठेवली. आजची श्रवणयंत्रं त्याच वाटेने चालतात. व्हिलचर २०११ मध्ये वारले. खोक्यापासून निघालेला माणूस कानाशी पोचला, कारण साखळीत कच्चा दुवा कुठे आहे ते शोधायची त्यांना सवयच होती.

बाबांना मी ही गोष्ट सांगितली. श्रवणयंत्राचं नाव काढलं की एरवी उठून जातात. त्या दिवशी गादीच्या खोळीवर हसले, मग जरा वेळ गप्प बसले.

"म्हणजे स्पीकर बिघडला नव्हता तर."

"तोही बिघडला होता, बाबा."

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. यंत्र सध्या महिन्याभराच्या चाचणीवर आहे. पहिले चार दिवस कुरकुर झाली, भांडी फार वाजतात म्हणून. रविवारी त्यांनी उठून स्वतःच ट्रेबलचं बटण मध्यावर आणलं. मी काही बोललो नाही.

जाड वायर काढून माळ्यावर टाकलीय. आई म्हणते, मजबूत आहे, पावसाळ्यात कपडे वाळत घालायला होईल. असो.